नक्कल

रेकॉर्ड रूमला खिडकी एकच,
तिच्यातून अजिंक्यताऱ्याचा खांदा तेवढा दिसतो.
बाकी सगळे रुमाल. तांबडे, विटलेले,
आणि प्रत्येक गाठीत
कुणाचं कुणाशी काय बिनसलं होतं ते.

एकतीस वर्षं मी इथं. धूळ माझी वरिष्ठ.

सोमवारी खटावकडून शालन फडतरे आल्या.
अर्जावर तिकीट नीट चिकटवलेलं,
दाव्याचा नंबर नाही, साल नाही.
"पणजीनं हिरीच्या पाळीसाठी दावा केल्याला म्हनत्यात.
जिकली म्हनत्यात."
म्हटलं, बाई, 'म्हनत्यात' कुठल्या फळीवर शोधू?
"मग तुम्ही कशाला हायसा हितं?"

तीन दिवस रजिस्टरं.
एकात कसरीनं अर्धा तालुका खाल्लेला.
चौथ्या दिवशी, पालीच्या अंड्यांशेजारी, सापडली:
सन १९११, वादी चिमाबाई, बेवा.

मोडी.
वाचणारे आवटी मास्तर परवाच्या थंडीत गेले,
आता मी एकटा, तोही अडखळत,
नदीत दगड चाचपत पाय टाकावा तसा.

निकाल आधी लागला हाताला:
दावा रद्द. खर्च वादीने सोसावा.

कसं सांगायचं?
म्हणून आधी जबानी वाचून दाखवली.
पाणी मिळत नाही असं तिचं म्हणणंच नव्हतं.
बेवा म्हणून नेहमी रात्रीचीच पाळी देतात, एवढंच.
"रात्री पाणी धरायला मला भ्या नाही.
पण दिवस कुणाच्या बापाचा?"
कारकुनानं जसंच्या तसं उतरवलेलं. देव त्याचं भलं करो.
खाली शाईचं एक वेडंवाकडं कडं,
एका जागी न जुळलेलं.
निशाणी बांगडी.

मग निकालही वाचला.
शालनबाई गप्प.
मग म्हणाल्या, "ते बापाचं परत वाचा."

पुढच्या महिन्यात स्कॅनिंगची पोरं येणार.
पानाखालून उजेड सरकेल, कडं येईल पडद्यावर.
मुदत संपलेले कागद लगद्याला जातील, तसा नियमच आहे,
मी स्वतः याद्या केल्यात, सह्या केल्यात.
या रुमालावर मात्र पेन्सिलीनं 'अ' लिहिला.
पेन्सिलीचं खोडता येतं.
पण खोडायला कुणी आधी ही शिडी तर चढू दे.

शिक्का मारला: खरी नक्कल.
घ्यायला हात पुढं आला,
त्यात बांगडी नव्हती, घड्याळ होतं.
"अगं बाई, दीड! वडूज लागली असंल,"
आणि पळाल्या,
कागद छातीशी धरून,
पायऱ्यांवर तिकिटाचे चाळीस रुपये विसरून.