सीट नंबर एक्केचाळीस

नंदनवनच्या अभ्यासिकेत महिन्याचे सातशे,
कूलरचे वेगळे.
माझी सीट एक्केचाळीस, खिडकीजवळची,
जिथून फक्त शेजारच्या टाकीचं पोट दिसतं.
टेबलावर कुणीतरी कर्कटकानं कोरलंय:
‘तलाठी. चामोर्शी. देव पावला.’
म्हणून या सीटला वेटिंग असते.

मामा म्हणतात, काहून बाप्पा या सरकारीच्या मागे?
मिहानला जा. काचेची ऑफिसं,
गळ्यात पट्टा, फुकटची कॉफी.
मी म्हणते, हो मामा.
मामा स्वतः पाटबंधारे खात्यात.
अठ्ठावीस वर्षं साहेबाला शिव्या घातल्या.
साहेब बदलून गेले. मामा आहेतच.

खेमराजच्या अंगठ्याचं मी त्यांना सांगत नाही.

माझा भाऊ. बुटीबोरीला, पाइपच्या कंपनीत, नऊ वर्षं.
एका सोमवारी गेटवरच्या मशीननं
त्याचा अंगठा ओळखला नाही.
त्याला वाटलं, तेल लागलं असेल.
पुसला. पँटीला घासला. थुंकी लावून परत ठेवला.
मागे रांग. कुणीतरी ओरडलं, चल ना बे!
लाल दिवा.
वॉचमन रोजचाच, त्याच्या डब्यातला झुणका खाणारा,
खाली बघत म्हणाला,
भाऊ, तुमचं नाव नाही यादीत.

घरी आला तेव्हा ऊन चढायचं होतं.
आई म्हणाली, बरं वाटत नाही काय रे?
तो अंगठ्याकडे बघत बसला,
जशी काही चूक त्याचीच.

त्या रात्री मी पहिला फॉर्म भरला. वनरक्षक.
मग पोलीस, कृषी सहायक, आरोग्य, जिल्हा परिषद.
परीक्षा पुढे गेली. पेपर फुटला. निकाल कोर्टात.
हजाराची फी गेली ती गेलीच.
मला कळत नाही असं नाही.
पेन्शनही आता पहिल्यासारखी नाही म्हणतात.

पण मला एक कागद हवाय, मामा,
ज्याच्यावर लिहिलेलं असेल
की हिला काढायचं तर आधी नोटीस द्या,
कारण सांगा,
हिचं म्हणणं ऐकून घ्या.
एवढंच.
हिचं म्हणणं ऐकून घ्या.

खेमराज आता मानकापूरला पोह्याची गाडी लावतो.
तर्री अशी, की नाकातून पाणी.
गिऱ्हाईक नसलं की माझ्या चालू घडामोडी वाचतो
आणि मलाच प्रश्न विचारतो.
चुकले की हसतो, फुकटात चणे जास्त घालतो.

काल एक नवी पोरगी आली, तुमसरची,
बावीसची असेल.
पाणी भरता भरता हळूच म्हणाली,
ताई, तुमचं वय कधी संपते?
मला समजलंच नाही.
म्हणजे, सीटसाठी विचारलं, ती म्हणाली.

मी बोटांवर मोजलं.
कॅटेगरी, सूट, जाहिरातीची तारीख.
पाच वर्षं आहेत अजून, म्हटलं.

तिनं वहीत लिहून घेतलं.