आधी तुझ्याकडं

दिवसभर हे यंत्र इमारती उभ्या करतं.
कुपवाड रोडची न झालेली सोसायटी,
तिच्या काचांवर संध्याकाळी पाचचं ऊन,
बाल्कनीत कधीच न राहणारी माणसं.
पंखे घोंघावतात, टेबलाखाली पोटऱ्या भाजतात.
रात्री साडेनऊला मी त्याला मोकळं करतो
आणि चार रंगांचा एक रणगाडा चालवायला देतो.

भाचा हसतो. म्हणतो, मामा,
मुंगी वाहायला हत्ती कशाला?
त्या हातातल्या डबीतसुद्धा पळेल की हा खेळ.

बरोबर आहे त्याचं.
पण डबीत पळाला तर तो डबीतच राहील,
आणि डबी मिरजेत आहे, मौलाचाचांच्या हातात.

सत्त्याण्णव साली सतारी खपेनात तेव्हा
त्यांनी दुकानाच्या पुढच्या अंगाला दोन टीव्ही मांडले.
तासाला चार रुपये.
अर्धा तास मिळायचा नाही;
अर्ध्या तासात काही लागत नाही, म्हणायचे,
ना तार, ना हात.
मागे वाळत टांगलेले भोपळे,
पुढे आम्ही, दप्तरं मांडीखाली घेऊन.
कॅसेट अडली की फुंकर मारायचो.
"थुंकी जाते रे आत, दे इकडं,"
आणि पॉलिशच्या फडक्यानं
तिचे पितळी दात पुसून द्यायचे.

टीव्ही गेले. कॅसेटी भंगारात कुणी घातल्या
यावर त्यांच्या घरात अजून भांडण आहे.
रणगाडा तेवढा राहिला,
कुणीतरी कुठंतरी उतरवून ठेवलेला,
माझ्या एका खिडकीच्या काचेहून कमी जागेत.

पहिल्या रात्री फोन आला.
"आवाज मागनं येतोय रे."
चाळीस मिलिसेकंद, चाचा. पापणी लवायच्या आत.
"पापणीचं डोळ्याला सांग.
तार छेडली आणि तार बोलली, त्याच्या मधल्या जागेत
मी पन्नास वर्षं जवारी घासलीय."

मग आठवडाभर मी तेच घासत बसलो.
वायफाय सोडून वायर ओढली,
चित्राची साफसफाई कमी केली,
तिकडे रेहानानं राउटर
फ्रिजवरून काढून त्यांच्या खाटेशी आणला.
चाळिसाचे एकतीस झाले, एकतिसाचे सव्वीस.
सव्विसाला ते काहीच बोलले नाहीत,
नुसते खेळत राहिले. मी समजलो.

एक मात्र त्यांना सांगितलं नव्हतं.
खेळ माझ्या खोलीत घडतो.
त्यांनी दाबलेलं बटण तारेतून इथं येतं,
रणगाडा इथं वळतो, गोळी इथं लागते,
मग त्याचं चित्र परत मिरजेला जातं.
म्हणजे त्यांचा रणगाडा फुटलेला
मला त्यांच्या आधी दिसतो.
दर वेळी.

रेहानानं रिपोर्टचा फोटोही
पहिल्यांदा मलाच पाठवला होता.
अब्बांना अजून नको, म्हणाली.
मी तो बोटांनी मोठा करून वाचत होतो
आणि समोर पडद्यावर त्यांचा रणगाडा
भिंतीला घासत, थरथरत,
उजवीकडे जायचं म्हणत होता.

काल तिसऱ्या फेरीत ते थांबले.
रणगाडा विटांच्या आडोशाला.
फोनवर नुसता श्वास.
"एक इचारू? तुझ्याकडं आधी होतंय न्हवं सगळं?"

मी पंख्यांचा आवाज ऐकत राहिलो.
"होय," म्हणालो.

"मग बोलत जा की मर्दा.
दिसलं की सांग.
मी तेवढ्यात डावीकडं वळतो."

सव्वीस मिलिसेकंदांत
एक 'चा' सुद्धा पुरता उच्चारत नाही.
तरी मी तोंड उघडं ठेवून बसलो.
विटांमागून ते निघाले.