पाच मनात

चाक गार असतानाच मोजायचं,
हे नेस्टर झोपेतसुद्धा बोलायचा.
ट्रक गावात जाऊन आला की रबर तापतं,
हवा फुगून बसते,
मग आकडा खरा सांगत नाही.
म्हणून पहाटे, कोठारामागं, उणे बावीसात
मी गुडघ्यांवर,
दातांत हातमोजा,
आणि व्हॉल्व्हचं टोपण बर्फात कुठंतरी.

ट्रक त्याचा. पाऊण टनी, डिझेल.
मागच्या चाकांत बाराही महिने ऐंशी पौंड,
कारण मागं ट्रेलर, ट्रेलरमध्ये सहा गायी,
बाजार सव्वाशे किलोमीटरवर.
टायरवर कोरलंय ना ऐंशी, तो म्हणायचा,
कंपनीला काय वेड लागलंय?

गायी मार्चमध्ये विकल्या.
ट्रेलर वसाहतीतले दोघे भाऊ घेऊन गेले,
टोप्या काढून, घासाघीस न करता.
आता मागं काय असतं?
एक फावडं, बर्फासाठी.
आणि शुक्रवारी बारा डझन अंडी
चर्चच्या स्वयंपाकघराला.
आमचा खडीचा रस्ता म्हणजे
मैलोन् मैल अंथरलेला नालीदार पत्रा.
त्यावर ट्रकचं बूड करडासारखं उड्या मारतं,
मणका खालून वर एकेक मोजला जातो,
आणि पोचेपर्यंत दीड डझनाचं
ऑम्लेट होतं, आपोआप.

लायल देजार्ले हसला नाही.
"ऐंशी म्हणजे इथवर, ह्यापुढं नाही.
रोज तिथंच राहा असं कुठं लिहिलंय, ह्नात्युकबाई?"
ट्रक धान्याच्या एलिव्हेटरवर नेला,
आधी पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची.
बाराशे चाळीस किलो. गव्हाच्या पावतीवरच लिहून दिलं.
तक्त्यात बोट फिरवलं, ओठ हलवले,
मग खिशातून खडू काढला, शाळेतला, पिवळा.
टायरच्या नक्षीवर आडव्या जाड रेघा.
"सरळ चालवा. त्या खांबापर्यंत."

उतरून बघितलं.
मधलं पुसलेलं,
दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा.
म्हणजे चाक इतके महिने
चवड्यावर चालत होतं,
कुणी झोपलेलं असताना चालावं तसं.

सत्तर. अजून मधलंच.
साठ. थोडं रुंद.
सुटणारी हवा शिळी, रबराच्या वासाची.
ही मार्चच्या आधी भरलेली.
मी काही बोलले नाही.
पन्नासला रेघ ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत
सारखी पुसली.

"पुढं इंजिन आहे, पुढं साठ ठेवा.
आणि मऊ लागतंय म्हणून अजून सोडू नका,
कडा झिजतात, चाक तापतं, वळणावर लोळतं.
लाकडं-बिकडं भराल त्या दिवशी मात्र परत चढवा."

मी नेस्टरचं गेज पुढं केलं,
पेनासारखं, क्लिप तुटलेलं.
लायलच्या गेजवर पन्नास.
ह्याच्यावर पंचेचाळीस.
पुन्हा लावलं. पंचेचाळीस.

म्हणजे त्याचे ऐंशी पंच्याऐंशी होते.

एकोणचाळीस वर्षं मी म्हणत आले, जास्त भरतोस.
चहात साखर, शेगडीत लाकूड, चाकात हवा.
तो हे गेज नाकासमोर नाचवायचा:
बघ. वाच. चष्मा लाव.
जिंकले मी अखेर,
को-ऑपच्या मागच्या अंगणात,
साक्षीला एक लायल,
तोही खडूचे हात पँटला पुसण्यात गुंतलेला.

नवं गेज बावीस डॉलरला होतं.
हातात घेतलं, परत ठेवलं.

थंडी वाढली की हवा आकसते,
पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड.
आज काडी बाहेर सरकते,
अडतीसला थांबते.
पाच मी मनात मिळवते.
उरलेले सात कंप्रेसर भरतो, कुरकुरत,
कोंबड्या जाग्या होतात.

टोपण अजून सापडलेलं नाही.