पातळ काकवी

परदेशी लाकडाच्या ट्रकातनं उतरल्या म्हणे
शिरोलीच्या वखारीत.
तिथनं वडणग्याच्या गुऱ्हाळापर्यंत
त्यांनी कुणाला वाट विचारली नाही.

पिवळ्या, लांब तंगड्यांच्या,
रांग न धरणाऱ्या.
आधी काळे डोंगळे गेले,
मग चुलवाणामागची पाल.
उसावर मावा मात्र वाढला,
त्याला त्या दुभत्या म्हशीगत राखतात.

मगदुमांची श्रेया, किडे-मुंग्यांवर शिकलेली,
म्हणाली, "काका, पावडर मारू नका.
काकवी पातळ करा, बोरिक चिमूटभरच.
जहाल झालं तर वाटेतच मरतील,
आत राण्या खुशाल."

चाळीस हंगाम
पाकाची गोळी बघून गूळ उतरवला.
ही काकवी चाखता येत नाही,
नुसत्या अंदाजानं ढवळतो.
आई वारुळापाशी पीठसाखर टाकायची.
मीही ठेवतोय, बाटलीच्या झाकणात.

अकराव्या दिवशी गर्दी विरळ,
आणि झाकणाच्या कडेला एक डोंगळा,
कुठनं आला कुणास ठाऊक.
बोट आडवं घातलं.
कडकडून चावला.

झटकला नाही.
तसाच लटकता नेला
बांधापलीकडं.