बोल्स्टर

डॉर्कस अ‍ॅलनबीच्या पलंगावर उशाशी
एक लांबडी उशी आडवी,
या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन डोक्यांची.
आत बदकाची पिसं, वर निळ्या पट्ट्यांचं जाड कापड,
एका टोकाला इनॉकच्या केसांच्या तेलाचा डाग,
अकरा वर्षं धुऊनही राहिलेला.
ती तिला बोल्स्टर म्हणते.

काउन्सिलचं पत्र येतं:
ग्रंथालय यापुढे आठवड्यातून दोनच दिवस,
म्हणजे इतर सेवा 'बोल्स्टर' करता येतील.
ती चष्मा कपाळावर सारते.
"पिसं भरणार का, मेल्यांनो?"

क्रियापद व्हायच्या आधी
तो शब्द शतकानुशतकं नुसता झोपून होता.
त्याच्याही मागे, जुन्या जर्मन बोलींच्या अंधारात,
त्याच्या मुळाशी होतं फुगणं.
कणीक फुगते तसं.
मग कधीतरी कुणी तो कुणाच्या मानेखाली सरकवला
आणि आजारी माणूस वाटीभर सूप प्यायला,
असं आपलं मी धरून चालतो.

नात हॉलंडला असते. फोनवर सांगते,
इथे चेस्टनटच्या काटेरी टरफलाला हाच शब्द आहे, आजी.
वरून काटे, आत गर.
डॉर्कस म्हणते, "हं. इनॉक."

इनॉक शिल्डनच्या कारखान्यात वाघिणी बांधायचा.
चाकांच्या सांगाड्यावर जी आडवी तुळई असते,
जिच्यावर डब्याचा सगळा भार येऊन टेकतो,
तीही बोल्स्टरच.
दिवसभर एकीवर हातोडा, रात्री दुसरीवर डोकं,
मधल्या वेळात फारसं बोलायचा नाही.

मी मराठीत शोधतो. पाठबळ?
पण आपल्या शब्दात पाठ आहे,
उभ्या माणसाची, कुठेतरी निघालेल्याची.
त्यांच्या शब्दात मान आहे,
आडव्या पडलेल्याची, रात्री अडीचची.
टेकू म्हणावं तर लाकूड येतं, दुजोरा म्हणावं तर साक्षीदार.
लोड म्हटलं की लगेच बैठक मांडली जाते, पानसुपारी येते,
आणि आजारी माणूस राहतो बाजूलाच.

शेवटच्या महिन्यात इनॉकला सपाट निजवेना.
छातीत पाणी.
तिने ती लांब उशी मधोमध दुमडली,
स्वतःची बाजूही त्याच्याखाली घातली
आणि आपण कोट गुंडाळून उशाला घेतला.
"बरंय आता?"
"रुळावर आहे," तो म्हणाला.

पिसं अजून रात्रीतून त्याच्या बाजूला सरकतात.
सकाळी ती दोन्ही हातांनी थोपटत
त्यांना मधे आणते.
किटलीत पाणी ठेवायला वळते, तोवर
मागे उशी हळूहळू
फुगत असते.