सहा छेद पंचवीस

उद्यमबागेत माझी साच्यांची शेड.
दोन लेथ, एक करवत, सागाचा भुसा.
पंपाच्या केसिंगचा लाकडी नमुना मी करतो,
फाउंड्रीवाले त्यावरून हजार ओततात,
आणि हजारावा पहिल्यासारखा नसला
तर माल तिसऱ्या गेटावरून टेम्पोनं परत.

अशा माणसाला
पंचवीस प्रती काढून हात थांबवणं
आधी खुळेपणा वाटला.
मग लोभ सुटला.

चौदा लिथोग्राफ झालेत आता.
कपाटात वर इंदुमतीच्या शहापुरी साड्या,
खाली माझे कागद, बटरपेपरात, आडवे.
डांबरगोळ्यांवरून आमचं अजून मिटलेलं नाही.
"काय दिसतंय की त्यात तुम्हास्नी?"
काही नाही दिसत. म्हणून बघतो.
दिवसभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजल्यावर
ज्याचं माप कुणी विचारणार नाही
असं एक काळं हवं असतं.

त्यातलं हुद्दारचं काळं सगळ्यात जड.
डावीकडे कललेलं, खाली गेरूची पट्टी,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं
सहा छेद पंचवीस, चौऱ्याहत्तर.
हुद्दार गेला. बाकीचे चोवीस कुठे, कुणास ठाऊक.
पण छापणारा आहे म्हणे, निपाणीत.

रविवारी गेलो. संकेश्वरला बस उगीच अर्धा तास.
शिवपुत्र हंचिनाळे, वय ब्याऐंशी,
नखांच्या मुळाशी अजून शाई, की मला तसं वाटलं.
सून म्हणाली, "बसा की, चहा करतो मी."

"हुद्दार? होय की. रात्री यायचा.
दिवसा बिडीची लेबलं, रात्री त्याचं काळं.
मालकाला पत्ता नव्हता."
आणि दगड?
"घासला. वाळू, पाणी, वर दुसरा दगड,
आठाचा आकडा काढत हात फिरवायचा.
पंचवीस झाले की पुसायचं, असा शब्द होता.
दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच कोयरी छाप."

दगड परसात होता, पाण्याच्या हंड्याखाली.
हंडा त्यानं सुनेला उचलायला लावला,
ओला गोल तळहातानं पुसला,
आणि बोट फिरवत गेला: हितनं सुरू, हितं दाट,
हितं रूळ दोनदा मारला.
बोट उजवीकडे कललं.
म्हातारा विसरला, मी मनात म्हटलं.
हंडा परत जागेवर गेला तेव्हा कुठं उमगलं,
तो दगडाच्या बाजूनं आठवत होता.
मी आयुष्यभर
कागदाच्या बाजूनं.

"लेबलावरची अक्षरं?"
"उलटी लिहायची. कानडी बी उलटी, मराठी बी उलटी.
तवा बाहेर पाट्यांना डांबर फासत होते, हे त्यांची, ते ह्यांची.
दगडावर दोन्ही सारखीच.
दोन्ही कुणाला वाचता यायची नाहीत."
हसला. ठसका लागला. पाणी प्याला.

निघताना पत्र्याच्या ट्रंकेतून एक कागद दिला.
बिघडलेला. काळं कडेला ओघळलेलं, गेरू सरकलेला,
खाली नंबर नाही, सही नाही.
पैसे घेतले नाहीत. "रद्दी हाय ती."

माझ्या शेडमध्ये असला नग
मी स्वतः भट्टीत टाकला असता.
रात्री वहीत त्याची नोंद करायला बसलो,
क्रमांकाच्या रकान्यापाशी पेन अडलं.
इंदुमतीनं कागद उचलला, आणि पालथा केला.
मागं फिकट डाग: ओल्या लेबलांच्या गठ्ठ्यावर
कधीतरी ठेवलेला असणार,
कोयरी उमटलेली, अक्षरं उलटी.
"थांबा, वाचतो मी," म्हणून
तिनं तो कपाटाच्या आरशासमोर धरला.
ओळीवरून ओठ हलत गेले तिचे,
कानडीवर जरा अडखळत.
मग वळून म्हणाली,
"बघा की, बिड्या पण पंचवीसच."