वरचा तीन

कन्ना चौकात, लुंग्यांच्या दुकानावर
माझं टायपिंग.
पूर्वी सहा मशिनी खडखडायच्या, आता दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स,
आणि समोरच्या शेडमधले माग,
जे वीज गेली की मगच ऐकू येतात,
बंद झाले म्हणून.

शहापुरे मास्तरांनी शिकवलं होतं,
आकड्याच्या खांद्यावर आकडा बसवायचा
तर रोलर अर्धी खाच मागे घ्यायचा,
हलक्या बोटानं मारायचा तो एवढासा तीन,
आणि रोलर परत जागेवर आणायचा.
"इसरलास तर पुढची अख्खी ओळ हवेत जाती बघ."
परीक्षेत मी विसरलो.
मिनिटाला चाळीस शब्द, सगळे पाया सोडून.

गणितात खालचा तो पाया, वरचा तो घात.
आमच्या घरात हा शब्द दुसऱ्या कामाला होता.
अप्पांचे चार माग भंगारात गेले त्या वर्षी
अम्मा रडायची तेलुगूत,
पण 'घात झाला' एवढं मराठीतच म्हणायची.

आता रोलर नाही. कंट्रोल, शिफ्ट, अधिक.
तीन आपोआप आक्रसतो आणि वर चढतो.
काही जण मधे टोपी टाकून पाठवतात, १०^३,
शेडच्या पत्र्यासारखी ती उतरती दोन रेघांची खूण,
मी ती पुसतो आणि तीन हातानं वर चढवतो.
फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की मात्र
फाँट बदलतो,
आणि वर बसलेले सगळे
गुपचूप खाली उतरून रांगेत उभे राहतात.

तसंच झालं आठवीच्या सहामाहीला.
चिलवेरी सरांचा प्रश्न होता:
एक बाई दिवसाला १०³ विड्या वळते,
पंचवीसचा एक कट्टा,
तर कट्टे किती?
छापून आलं, १०३ विड्या वळते.
दोनशे प्रती. तपासल्या मीच होत्या,
चहा पीत.

चार दिवसांनी सर जिना चढून आले, दम लागलेला.
"वर्ग चुकला की वो अख्खा," म्हणाले.
मला वाटलं, वर्ग नाही, घन चुकलाय, पण गप्प बसलो.
चौसष्ट पोरांनी लिहिलेलं,
चार कट्टे, बाकी तीन.
गणित बरोबर. गणिताचा काही दोष नव्हता.

एकच पेपर वेगळा.
गड्डम भाग्यलक्ष्मी, तुकडी ब, निळी शाई, गिचमीड:
'चाळीस कट्टे. सर, १०३ विड्यांची पानं
सकाळी नळाला पाणी यायच्या आत संपतात.
आई हजार वळती.'
खाली रेघ मारून पुन्हा
चाळीस.

सरांनी दोन मार्क दिले, मग सगळ्यांनाच दिले.
माझ्याकडून दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत,
म्हणजे मी दिले नाहीत.
त्या दिवसापासून प्रत्येक घात
छापलेल्या कागदावर बोटानं चाचपतो,
आंधळ्यासारखा. शाई चाचपता येत नाही, माहीत आहे.

गड्ड्याच्या यात्रेनंतर एकदा
एक मुलगी आली, दोन वेण्या, चपलेला तंबाखूची भुकटी,
आईच्या कारखान्याच्या कार्डाची झेरॉक्स हवी म्हणून.
कार्डावर आडनाव होतं. मी काही बोललो नाही.
काचेवर कार्ड पालथं ठेवलं, हिरवा उजेड सरकला,
आणि प्रत बाहेर आली:
सोमवार ९७५. मंगळवार ९७५. बुधवार ९७५.
छाट २५, छाट २५, छाट २५.

नऊशे पंचाहत्तर कुठल्याच पायावर
नीट उभं राहत नाही, मी मनात करून पाहिलं.
फेकलेले पंचवीस मात्र
पाचाचा पुरेपूर वर्ग.

"किती झाले?" तिनं विचारलं.
दोन रुपये, मी म्हणालो.
तिनं पाचाचं नाणं दिलं,
आणि सुटे तीन
मोजून घेतले.